कॉर्नर म्हणजे लॉटरी नव्हे

फॅन्टसी कबड्डी खेळणाऱ्या मंडळींत एक समजूत घट्ट बसली आहे. रेडर निवडताना डोकं लावायचं आणि बचावपटू निवडताना डोळे मिटायचे. बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, अंधेरीला मेट्रोच्या जिन्यावर, मुलुंडच्या सोसायटीतल्या कट्ट्यावर, प्रो कबड्डीच्या हंगामात जिथे जिथे मोबाइलवर संघ लावले जातात तिथे हेच ऐकू येतं. मुख्य रेडर सामन्यात पंधरा-वीस चढाया करतो, म्हणून त्याचे गुण ठरलेले. कॉर्नरला, म्हणजे टोकाच्या बचावपटूला, आज सहा मिळतील, उद्या भोपळा. मग कशाला डोकं शिणवायचं? गेल्या हंगामाची टॅकल पॉइंटची यादी काढा, वरची दोन-तीन नावं उचला, उरलेल्या क्रेडिटमध्ये बसेल तो कव्हर, म्हणजे आतला बचावपटू, घ्या. झाला संघ.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका हेच मत फार ठामपणे मांडतात. रेडर म्हणजे मुदत ठेव आणि बचावपटू म्हणजे लॉटरीचं तिकीट, हे त्यांचं लाडकं वाक्य. काकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या वहीतल्या नीटनेटक्या रकान्यांबद्दल तर जास्तच. पण हे वाक्य चुकीचं आहे, आणि कबड्डीच्या महाराष्ट्रात ते इतक्या सहज खपावं याचा मला रागही येतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या फॅन्टसी स्पर्धा बंद झाल्या. ड्रीम ११ ही मुंबईचीच कंपनी, तिनेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. २२ ऑगस्टला कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि २९ ऑगस्टला विशाखापट्टणमला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला. तेव्हा ‘आता फॅन्टसी संपली’ असं पुष्कळांनी जाहीर केलं. आमच्याकडे उलटंच झालं. पैसे गेले आणि वाद वाढले. खिसा रिकामा होण्याची भीती नसली की माणूस मत जास्त जोरात मांडतो. आता हरलेल्याने मिसळ द्यायची एवढाच नियम उरला आहे. संघ कागदावर, गुण आम्हीच मोजतो, आणि एक खेळाडू एकाच संघात. म्हणजे लिलाव म्हणा किंवा वाटप म्हणा, तुम्ही उचललेला कॉर्नर दुसऱ्याला मिळत नाही. असे गट आता गल्लोगल्ली आहेत, म्हणून हा प्रतिवाद जाहीरपणे करायला हरकत नाही.

काकांचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो. चांगला रेडर चांगल्या बचावपटूपेक्षा जास्त गुण मिळवतो. बचावपटूचे गुण सामन्यागणिक जास्त हेलकावे खातात. दोन्ही खरं. पण त्यातून ‘बचावपटू नशिबावर सोडा’ हा निष्कर्ष निघत नाही. लीगमध्ये बारा संघ आहेत. प्रत्येकाकडे एक ठरलेला मुख्य रेडर असतो, तो कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि त्याचे गुण काय येतील याचा अंदाज सगळ्यांचा सारखाच असतो. जिथे सगळ्यांचा अंदाज सारखा, तिथे कुणीच पुढे जात नाही. जिथे नव्वद टक्के लोक डोळे मिटून बोट ठेवतात तिथे डोळे उघडे ठेवणाऱ्याला फायदा होतो. हेलकावे जास्त आहेत म्हणून अभ्यास नको, असं जर काका बँकेत म्हणाले असते तर त्यांना कर्ज विभागात कुणी ठेवलं नसतं.

आता मुद्द्यावर. कॉर्नरचे हेलकावे नशिबाचे नाहीत. त्यांना कारणं आहेत आणि ती बहुतेक वेळा सामन्याआधी दिसतात.

लेफ्ट कॉर्नर बघा. मैदान तेरा बाय दहा मीटरचं. हा आपल्या टोकाला, लॉबीच्या कडेला उभा. एक हात शेजारच्या ‘इन’च्या हातात, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, टाचा उचललेल्या. नजर रेडरच्या तोंडाकडे नसते, पायाकडे असते. रेडर निदान रेषा ओलांडतो, बोनस रेषेकडे पाय टाकतो, आणि त्या पायाचा घोटा अर्ध्या सेकंदापुरता जमिनीला टेकलेला असतो. कॉर्नरची सगळी कमाई त्या अर्ध्या सेकंदात आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात रात्रीच्या सामन्यांना दोरीला टेकून उभं राहिलं की हे इतक्या जवळून दिसतं की कॉर्नरने श्वास धरलेलाही कळतो. पण रेडरने पायच टाकला नाही तर? तो निदान रेषा ओलांडून, हात फिरवून, तीस सेकंद काढून परत गेला तर? बचाव यशस्वी झाला. कॉर्नरने त्याला जवळ येऊ दिलं नाही. गुणपत्रिकेत मात्र कॉर्नरच्या नावापुढे काहीच नाही.

इथेच काकांची यादी कोसळते. टॅकल पॉइंट हा कॉर्नर किती चांगला आहे याचा हिशेब नाही. त्याला पकडीची संधी किती वेळा मिळाली आणि ती त्याने किती प्रमाणात साधली, या दोन गोष्टींचा तो गुणाकार आहे. यादीत गुणाकाराचं उत्तर दिसतं, दोन्ही संख्या दिसत नाहीत. आणि पहिली संख्या, संधी, ही फारशी कॉर्नरच्या हातात नसते. ती समोरच्या रेडरच्या, स्वतःच्या प्रशिक्षकाच्या आणि सामन्यातल्या गुणफरकाच्या हातात असते.

समोरचा रेडर कसा आहे ते बघा. अनुप कुमारसारखा बोनसवर जगणारा रेडर सतत पाय पुढे टाकतो. तो चलाख असला तरी कॉर्नरला घोटा दिसतो, संधी मिळते. परदीप नरवालची डुबकी वेगळी. ती कव्हरच्या साखळीखालून जाते, तिथे झडप घालण्याची पाळी बहुधा आतल्यांवर येते. आणि बोनस मिळतो कधी? समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हाच. संघाचे दोन गडी बाहेर बसले की बोनस बंद, रेडरचा पाय आत टाकण्याचा मोह बंद, कॉर्नरची घोट्याची संधीही कमी. पुढे तीन किंवा त्याहून कमी उरले की पकडीला एक गुण जास्त, ती अव्वल पकड. मग हरणाऱ्या संघाचा कॉर्नर एकाच पकडीत दोन गुण घेऊन जातो. म्हणजे ज्या संघाचा बचाव वारंवार उद्ध्वस्त होतो, त्याच संघाच्या एखाद्या चिवट कॉर्नरचा आकडा फुगतो. यादीत तो वर दिसतो. काका त्याला ‘दर्जेदार’ म्हणून उचलतात. पुढच्या हंगामात तोच गडी चांगल्या संघात जातो, समोरचे रेडर रिकामे परत जाऊ लागतात, त्याचा आकडा खाली येतो आणि काका म्हणतात, बघा, लॉटरी!

प्रशिक्षकाचाही हात असतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला रेडरला काहीतरी आणावंच लागतं, नाहीतर तो बाद. काही संघ मुद्दाम तिसऱ्या चढाईवर खेळतात. आधीच्या दोन चढायांना बचाव मागे सरकून उभा राहतो, तिसरीला तुटून पडतो. असे दोन संघ समोरासमोर आले की सामना कमी गुणांचा होतो, पण जे गुण होतात त्यांत पकडीचा वाटा मोठा असतो. दोन्ही संघ पहिल्या चढाईपासून धावणारे असतील तर गुण रेडर लुटतात. संघाचा स्वभाव हंगामाच्या पहिल्या चार-पाच सामन्यांत कळतो. त्यासाठी कुंडली मांडावी लागत नाही.

आणखी एक हिशेब यादीत नसतो, मॅटवर काढलेल्या वेळेचा. बाद झालेला कॉर्नर बाकावर बसून पकड करू शकत नाही. उतावळेपणाने पुढे झेप घेणारा पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जातो आणि आपला कुणी गुण आणून त्याला जिवंत करेपर्यंत मान वळवून बघत बसतो. संघाचा रेडर चांगला असेल तर लवकर परत येतो, नसेल तर अर्धं सत्र जातं. म्हणून कॉर्नर निवडताना त्याच्या स्वतःच्या संघाचा रेडर बघा, असं मी म्हणतो तेव्हा काका हसतात. हसू देत. अंगात कितीही कसब असलं तरी बाकावरून पकड होत नाही.

हा प्रश्न एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्टसीत बहुतेक गट संपूर्ण बचाव एकच गठ्ठा म्हणून घेतात, पण काही हौशी गट एकेक बचावपटू वेगळा निवडतात आणि तिथे सगळा जीव अडकलेला असतो लाइनबॅकरवर. पुढच्या फळीच्या मागे उभा राहून धावत येणाऱ्याला लोळवणारा तो गडी. आपले तिकडचे नातेवाईक रविवारी टीव्हीसमोर ज्याच्या नावाने ओरडतात तो. तिथेही नवखे लोक गेल्या वर्षीच्या टॅकलची यादी घेऊन बसतात आणि जाणकार पहिला प्रश्न विचारतात: हा माणूस प्रत्येक डावाला मैदानावर असतो का, आणि मध्यभागी उभा राहतो का? कॅरोलायना पँथर्सचा ल्यूक कीकली २०१२ मध्ये नवा आला तेव्हा बाजूला खेळत होता. मधला अनुभवी गडी जॉन बीसन जखमी झाला, कीकली मधे सरकला, आणि हंगामाच्या शेवटी १६४ टॅकल घेऊन लीगमध्ये पहिला आला. माणूस तोच, बदलली फक्त उभं राहण्याची जागा. शिवाय तिथे सॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यालाच लोळवण्याची, अधिकृत नोंद १९८२ पासून होते, पण टॅकल यजमान संघाचे नोंद घेणारे मोजतात. अर्धी पकड कुणाच्या नावावर घालायची हे त्यांच्या नजरेवर असतं. म्हणून एखाद्या मैदानावरचे आकडे सैल हाताने वाटलेले असतात, आणि हुशार माणूस तेही लक्षात ठेवतो.

आपल्याकडे हा वाटपाचा घोळ वेगळ्या रूपात आहे. कबड्डीतली बहुतेक पकड एकट्याची नसते. कॉर्नर घोटा धरतो, इन कंबरेला बिलगतो, कव्हर येऊन धडक देतो, आणि चौघे मिळून रेडरला मध्यरेषेपासून चार बोटांवर दाबून ठेवतात. गुण बहुधा ज्याने आधी हात घातला त्याचा. कव्हरने धडक दिली नसती तर रेडरचा हात रेषेला लागला असता, पण कव्हरच्या रकान्यात शून्य. म्हणून चांगला कॉर्नर हवा असेल तर आधी त्याच्या शेजारचा कव्हर बघावा लागतो. कव्हर डगमगणारा असेल तर कॉर्नरने घोटा धरूनही उपयोग नाही. रेडर त्याला ओढत रेषेपलीकडे नेतो आणि पकडीच्या गुणाऐवजी बाद होणं पदरी पडतं.

फ्रँचायझींना हे चांगलं कळतं. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही डावी-उजवी कॉर्नरची जोडी यू मुंबाकडे होती. २०१५ मध्ये मुंबईने बंगळुरूला हरवून विजेतेपद घेतलं त्यात या दोघांचा मोठा वाटा होता. पुढे ही जोडी बंगळुरू बुल्सकडे गेली आणि २०१७ मध्ये हरियाणा स्टीलर्सकडे. कोट्यवधी रुपये मोजणारे लोक दोन कोपरे जोडीने विकत घेतात आणि आपण क्रेडिट शिल्लक राहिलं म्हणून कुठलाही कॉर्नर उचलतो. मग लॉटरी कोण खेळतंय?

किमतीचंच बोलायचं तर काकांच्या ‘रेडर म्हणजे सगळं’ या सिद्धांताला पहिला धक्का मुंबईनेच दिला. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा आकडा सगळ्यात आधी गाठला तो एका लेफ्ट कॉर्नरने, इराणच्या फझल अत्राचलीने, आणि बोली होती यू मुंबाची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्या किमतीचा अर्थ सगळ्या देशाला कळला. भारताच्या चमूत अजय ठाकूर, परदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत, आणि आपला सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा. चढाईपटूंचं एवढं ऐश्वर्य एका चमूत क्वचित दिसतं. उपान्त्य सामन्यात इराणने या चमूला १८ गुणांवर रोखलं, स्वतः २७ केले, आणि आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीतलं सुवर्ण पहिल्यांदाच भारताच्या हातून निसटलं. इराणचा कर्णधार होता फझल. फॅन्टसीत तुम्ही त्या दिवशी भारताचे रेडर घेतले असते तर मिसळ तुमच्याकडून होती.

आता काकांचं मोठं अस्त्र. ‘मग शादलुईचं काय?’ मोहम्मदरेझा शादलुईने नवव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून एका सामन्यात पकडीचे १६ गुण घेतले. एका बचावपटूचे सोळा! हा आकडा आधी कुणाला सांगता आला असता? बरोबर, सोळा कुणालाच सांगता आले नसते. पण शादलुई पुष्कळ प्रयत्न करणारा कॉर्नर आहे, वाट बघत बसणारा नाही, हे त्या सामन्याआधीही दिसत होतं. पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी त्याच्यावर २ कोटी ३५ लाख लावले आणि त्या हंगामाचं विजेतेपद घेतलं, हे काही नाणं उडवून झालेलं नाही. वादळ नेमकं कुठल्या दिवशी येईल हे सांगता आलं नाही म्हणून पावसाळाच खोटा ठरत नाही.

इथे एक फरक मात्र नीट धरला पाहिजे, कारण माझ्या बाजूचे लोकही त्यात गडबड करतात. समजा एका कॉर्नरने हंगामात शंभर पकडी करायला हात घातला आणि पंचावन्न साधल्या. दुसऱ्याने साठ वेळा हात घातला आणि छत्तीस साधल्या. प्रशिक्षकाला दुसरा आवडेल. त्याचं प्रमाण चांगलं आहे, आणि त्याच्या चुकलेल्या पकडींनी समोरच्याला चोवीसच वेळा गुण दिले, पहिल्याच्या पंचेचाळीस वेळा. पण तुमच्या गटात चुकलेल्या पकडीला वजा गुण नसतील किंवा नावापुरते असतील, तर तुम्हाला पहिला हवा. ज्या गटात चुकीची किंमत मोजावी लागते तिथे दुसरा. म्हणजे ‘सर्वोत्तम कॉर्नर कोण’ हा प्रश्नच अर्धवट आहे. तुमच्या गटाचे नियम न वाचता कुणी कॉर्नरची शिफारस करत असेल तर त्याला मिसळीचे पैसे आधी द्यायला लावा. आणि हो, नितेश कुमारने सहाव्या हंगामात यूपी योद्धाकडून शंभर टॅकल पॉइंट केले, एका हंगामात शंभरावर पोचलेला तो पहिला बचावपटू. पण त्यामागे पंचवीस सामने होते. बाराव्या हंगामात साखळीत संघाला अठराच सामने मिळाले. नुसती बेरीज बघणाऱ्याला या दोन हंगामांतला फरक दिसत नाही, सरासरी काढणाऱ्याला दिसतो. बँकेतल्या माणसाला हे मी सांगायची वेळ यावी!

दुसऱ्या टोकाला जुने खेळाडू आहेत, त्यांच्याशीही दोन शब्द. घाटकोपर-कुर्ल्याच्या मंडळांतून मातीत खेळलेली ही माणसं म्हणतात, पकड मोजायची गोष्ट नाही, ती अंगात असते. मला त्यांचं ऐकायला आवडतं. पण कॉर्नरने रेडरला कुठल्या बाजूला ढकलायचं, कव्हरने किती पावलं मागे राहायचं, समोर सात असताना कसं उभं राहायचं आणि पाच असताना कसं, हे सगळं ते स्वतःच मोजून सांगतात. त्यांना चीड आहे ती चुकीच्या मोजणीची, आणि तिथे मी त्यांच्याच बाजूला आहे. मध्य रेल्वेने पुढे गेलं की कल्याण लागतं. तिथला गिरीश एर्नाक लेफ्ट कॉर्नरला खेळत भारतीय संघात पोचला, जकार्ताच्या त्या चमूतही तो होता. त्याची घोट्याची पकड बघितलेल्या कुणालाही बचाव ही नशिबाची गोष्ट आहे असं वाटणार नाही.

काकांचं अखेरचं म्हणणं असं की एवढं सगळं बघायला वेळ कुणाकडे आहे. समोरचा रेडर, शेजारचा कव्हर, प्रशिक्षकाचा स्वभाव, गटाचे नियम. सामना चाळीस मिनिटांचा असतो. त्यातली वीस मिनिटं चेंडूच्या मागे धावावं तसं रेडरच्या मागे न धावता एका कॉर्नरच्या पायांवर नजर ठेवली, तर यादीतल्या दहा नावांपेक्षा जास्त कळतं. आमच्या गटाचं पुढचं वाटप ठरेल तेव्हा मी दुसऱ्याच फेरीत कॉर्नर उचलणार आहे. काकांनी खुशाल तिसरा रेडर घ्यावा. मिसळ दादरची नको, बोरिवलीतच चालेल, तर्री वेगळी.